कंपाउंडची भिंत उंच केली तर पुराचं पाणी अडेल का?

नागकाठी: मंडळी, सल्ला पाहिजे. घर नागपुरात अंबाझरी लेआउटमध्ये, खालच्या अंगाला, तळमजला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुराची पहाट इथं कोणाला सांगायला नको. आमचा फ्रिज आडवा होऊन तरंगत होता अन् आई दिवाणावर उभी. आता ठेकेदार म्हणतो, "भाऊ, चार फूट आरसीसी भिंत मारू, गेटला लोखंडी पाटी लावू, थेंब येणार नाही." पण त्या पहाटे गेटातून पाणी यायच्या आधीच बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर आलं होतं. मग भिंत काय कामाची? कोणी केलंय का असं?

भूगोलवाल्या बाई: जाळीचं तुम्ही बरोबर हेरलंत. मी वर्गात तुवालूचं उदाहरण द्यायची. प्रशांत महासागरातला नऊ बेटांचा देश, वस्ती दहा-अकरा हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं गाव. तिथे फेब्रुवारी-मार्चच्या मोठ्या भरतीला पाणी किनाऱ्यावरून तर येतंच, पण फुनाफुटी बेटाच्या मधोमध, धावपट्टीच्या आसपास जमिनीतूनही बुडबुडे काढत वर येतं. खालचा प्रवाळ सच्छिद्र आहे ना! नुसत्या भिंतीने हे पाणी कसं थांबणार? खारं पाणी मुरून त्यांच्या पुलाकाच्या खड्ड्यांची वाट लागते. पुलाका म्हणजे आपल्या अळूच्या जातीचा कंद. म्हणून त्यांनी खाजणातली वाळू उपसून सुमारे ७ हेक्टर नवी, उंच जमीन केली. हे काम २०२३ मध्ये उरकलं. पाणी कुठून शिरतं ते आधी पाहायचं, मग खर्च. तुमच्याकडे ते गटारातून शिरतंय.

चेंबरवाला: बाई बरोबर बोलल्या. भाऊ, घराच्या शेवटच्या चेंबरात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. बाहेरचं पाणी चढलं की झडप बंद होते. मात्र ती बंद असताना तुमचं सांडपाणीही बाहेर जात नाही, तेवढा वेळ नळ बंद अन् संडासात फ्लश नाही. मृगाच्या आधी झडप साफ करायची, नाहीतर केस अन् प्लास्टिक अडकून उघडीच राहते. मीटर, इन्व्हर्टर, मोटरचा स्टार्टर मागच्या पुराच्या खुणेच्या वर घ्या. भिंत सगळ्यात शेवटी.

खालची गल्ली: काहून कोणी आमचा विचार करत नाही राजेहो? वरचे लोक प्लॉटवर भराव टाकतात, भिंती मारतात, अन् ते पाणी आमच्या दारात येतं. तुवालूत भोवती समुद्र आहे, इथं बाजूला माणसं राहतात. आसामातल्या माजुलीचं पाहा. ब्रह्मपुत्रेतल्या त्या बेटावर मिसिंग जमातीचे लोक बांबूच्या खांबांवर चांग घर बांधतात. पाणी खालून निघून जातं, कोणाच्या अंगावर ढकलावं लागत नाही. नवीन बांधत असाल तर खाली पार्किंग मोकळं सोडा अन् वर राहा.

भूगोलवाल्या बाई: पटलं. फक्त ते पार्किंग पुढे दुकानाला भाड्याने देऊ नका म्हणजे झालं. शहरभर तेच चाललंय.

नागकाठी: नवीन बांधायची ऐपत नाही, आहे त्यातच निभवायचंय. ठेकेदाराला भिंतीसाठी तूर्त नाही म्हटलं. व्हॉल्व्हसाठी चेंबर उघडायला गेलो तर झाकणावर टाइलवाल्याने अंगणाची फरशी लावून ठेवलेली! चेंबरवाले भाऊ, सहा इंची पाइपला कोणता व्हॉल्व्ह घेऊ? अन् फरशी न फोडता काही जमेल का?

चेंबरवाला: फोडावीच लागेल. फोटो टाका, मग साइज सांगतो.