३० वा आठवडा, नागपूरचा उन्हाळा आणि ४००० रुपये: बायकोसाठी काय घेऊ?

बुटीबोरी_शिफ्टवाला
नमस्कार मंडळी. बायकोला ३० वा आठवडा लागला, तारीख जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. पहिलंच आहे. मानेवाड्याला वरच्या मजल्यावर आम्ही दोघंच राहतो, स्लॅब तापला की रात्री १२ पर्यंत भिंती गरमच. तिला झोप नाही, कूस बदलायची तर उठून बसावं लागते, पाय सुजतात, पोटरीत गोळे येतात. डॉक्टर म्हणाल्या सगळं नॉर्मल आहे. माझी रात्रपाळी असली की ती एकटी असते आणि माझं कामात लक्ष नसते. ४००० वेगळे काढले आहेत, त्याच्यावर जमणार नाही कारण डिलिव्हरीचे जमवून राहिलो. ती यू आकाराची उशी घेऊ का दुसरं काही? ज्यांनी वापरली त्यांनी सांगा.

त्रिमूर्तीनगरची_आई
उशी घ्याच भाऊ, डोळे झाकून घ्या. मी सातव्या महिन्यात घेतली, पोटाखाली आधार, पाठीला आधार, गुडघ्यांमधे आधार. मुलगी आता ३ वर्षांची आहे, अजून तीच उशी घेऊन झोपते.

खसवाला_कूलर
उशीनं काय होते, आधी हवा पाहा. नागपुरात मे महिन्यात ४५ च्या वर जाते. डेझर्ट कूलर घ्या, खसच्या ताट्या लावा, ते हनीकोंबवाले नका घेऊ, खसची थंडाईच वेगळी. आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून खसच.

मनीषनगर_२बीएचके
आठव्या महिन्यात कूलर? एसी घ्या, इन्व्हर्टर, दीड टनाचा, हप्त्यावर मिळून जातो. मी मिसेससाठी दोन लावले, हॉलमधे आणि बेडरूममधे, बिलाकडे पाहिलं नाही. अशा वेळी पैशाचा हिशेब करू नये.

बुटीबोरी_शिफ्टवाला
दादा, बजेट ४००० आहे, वर लिहिलं आहे. कूलर आहे आमच्याकडे.

खसवाला_कूलर
आहे तर ताट्या बदलल्या का? जुन्या ताट्यांवर क्षार जमतो, मग हवा येत नाही आणि वास मारते. मागची खिडकी उघडी पाहिजे, बंद खोलीत कूलर लावला की चिकचिकच होणार.

इतवारीची_सून
ताट्यांसोबत टाकीचं पाणीही पाहा, आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासायची, त्यात डेंग्यूचे डास होतात. उशीचं म्हणाल तर माझा अनुभव वाईट आहे, २८०० घालवले, पॉलिस्टर भरलेली, अंगाला चिकटायची, घामानं भिजायची. नवऱ्याला खाली झोपावं लागलं. शेवटी आईनं गादीवाल्याकडून कापसाचे दोन लहान लोड भरून आणले, एक पोटाखाली, एक पायांमधे. त्यावर झोपली मी शेवटपर्यंत.

वर्धारोडचे_काका
पहिलं बाळंतपण माहेरी होते. वहिनींना आईकडे पोचवा, प्रश्नच मिटला. रोज गरम दुधात तूप द्या, डिलिव्हरी सोपी जाते.

इतवारीची_सून
काका, तुपानं डिलिव्हरी सोपी होत नाही, वजन वाढते आणि छातीत जळजळ होते. तिला आधीच जळजळ असेल. थोडं थोडं चारपाचदा द्या, रात्रीचं जेवण लवकर, सावजी सध्या बंद.

दोन_लेकरांची_माय
सगळे सामानावरच बोलून राहिले. भाऊ, पैसे न लागणारं आधी ऐका. उठताना सरळ उठू देऊ नका, आधी कुशीवर वळायचं, मग हाताच्या जोरावर बसायचं. झोपताना कुशीवर, डावी सगळ्यात बरी, पण झोपेत पाठीवर वळली तर घाबरायचं नाही, परत कूस घ्यायची. पोटरीत गोळा आला की पाय सरळ करून अंगठा तिच्याकडे ओढा, लगेच सुटते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र नको, दोन तास तरी अंतर ठेवा, लोहाच्या गोळीवर चहा नको. बाळाची हालचाल रोज पाहायची, जेवण झालं की कुशीवर लेटून मोजायची, २ तासांत १० झाल्या पाहिजे. कमी वाटली तर सकाळची वाट पाहायची नाही, तेव्हाच दवाखान्यात जायचं.

आणि पाय सुजणं वेगळं, चेहरा आणि हात अचानक सुजणं वेगळं. माझ्या बहिणीचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, आम्ही म्हटलं ऊन लागलं. दोन दिवस कांद्याचा रस चोळला. बीपी १६०/११० निघालं. दोघं वाचले, पण ते दोन दिवस मी स्वतःला माफ करत नाही.

मिहान_नाइटशिफ्ट
ताईंचं सेव्ह करून ठेवा. सुट्टीचं आताच बोला. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात, प्रायव्हेटवाल्याला कायद्यानं काहीच नाही, मला तीन दिवस दिले आणि तेही पगार कापून. १०२ आणि १०८ दोन्ही नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहा, शेजारच्यांना गाडीचं विचारून ठेवा. फाइल, रिपोर्ट, आधार कार्ड एका पिशवीत भरून दाराजवळ.

मनीषनगर_२बीएचके
यू उशीच घ्या, लोडानं मान दुखते.

त्रिमूर्तीनगरची_आई
तेच मी पहिल्यांदा सांगितलं.

दोन_लेकरांची_माय
वहिनींना विचारलं का कोणी, त्यांना काय पाहिजे?

बुटीबोरी_शिफ्टवाला
ताई, खरंच विचारलं नव्हतं, मी धाग्यावर आलो, तिच्याकडे गेलो नाही. काल रात्री विचारलं. माहेर चंद्रपूरला, तिथं आणखी गरम, आणि डॉक्टर बदलायच्या नाहीत, म्हणून जाणार नाही म्हणाली. उशी नको, एसी नको. म्हणाली, मला गॅससमोर उभं राहवत नाही, पोळ्या लाटताना डोळ्यांपुढं अंधारी येते, तुम्ही कामावरून थकून येता म्हणून बोलली नाही. मला फार वाईट वाटलं. सकाळीच डॉक्टरांकडे नेलं, बीपी ठीक आहे, हिमोग्लोबिन ९.२ आहे, गोळ्या वाढवल्या.

पैसे असे जाणार: पोळ्यावाल्या मावशी उद्यापासून, सकाळीच दोन्ही वेळच्या करून देतील, महिन्याचे १८००, जूनअखेरपर्यंत ठरवलं. भाजी मी टाकतो. उरलेल्या ४०० मधे ताट्या. लोड आईच्या जुन्या गोधड्यांचे बांधले. सुपरवायझरशी बोललो, १५ मे पासून जनरल शिफ्ट मिळते.

खसवाला_कूलर
ताट्या खसच्याच ना भाऊ?

त्रिमूर्तीनगरची_आई
गोधडी गरम होईल, उशीचा विचार करा अजून.

दोन_लेकरांची_माय
१५ मे पर्यंतच्या रात्रपाळ्यांना सोबत कोण आहे? ते आधी पाहा. मी हुडकेश्वरला राहते, मेसेज केला आहे, नंबर वहिनींना द्या.