रोजच्या फोर बाय फोरला मागचा लॉकर: बटणाचा, आपोआप लागणारा, की नकोच?

मागचा_धुरा (धागाकर्ता)
माझं मत आधीच सांगून टाकतो, मग हाणा. जी गाडी सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जाते, पावसाळ्यात ताम्हिणी-वरंधा चढते आणि मधूनच शेताच्या पाणंदीत घालावी लागते, तिला मागे बटणाने लागणारा आणि बटणाने सुटणाराच लॉकर (डिफ जाम करून दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) हवा. हवेवरचा असो वा विद्युतचुंबकावरचा.

डिफ म्हणजे डिफरेन्शिअल, धुऱ्यावरच्या दोन चाकांना वळणात वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. साधं डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. एक चाक हवेत गेलं की त्याला लागणारा टॉर्क जवळपास शून्य, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही शून्य. यावर कंपन्यांनी वेगवेगळे उपाय केले. जिमनीत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावला जातो. २०२० च्या थारमध्ये काही व्हेरियंटना आपोआप लागणारा यांत्रिक लॉकर आला. थार रॉक्सच्या फोर बाय फोरला बटणाचा इलेक्ट्रॉनिक लॉकर आहे, आणि गुरखाला तर पुढे-मागे दोन्हीकडे लॉक आहेत.

आपोआप लागणाऱ्यावर माझा आक्षेप हिशेबाचा आहे. दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा (मिनिटाला फेऱ्यांचा) फरक पडला की तो लागतो. २५५/६५ आर १८ टायरचा घेर सुमारे २.४८ मीटर. म्हणजे एक चाक थांबलेलं असताना दुसरं ताशी १५ किमीने गरगरायला हवं! लो रेंजच्या (फोर बाय फोरच्या हळू पण जोरदार गिअरच्या) पहिल्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर ४०:१ धरा. आयडलला, ८०० आरपीएमवर, फिरणारं चाक (दुसरं थांबलेलं, म्हणून दुप्पट वेगाने) जेमतेम ४० आरपीएम गाठतं. म्हणजे २००० पर्यंत इंजिन चढवायचं, चाकाखालचे दगड उडवायचे, आणि मग खाडकन लॉक. जिथे मुंगीच्या पावलाने जायचं तिथे ही पद्धत उलटी आहे.

लाल_माती
हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. तुम्ही दगडावरचा प्रसंग धरलात. रोजच्या गाडीला भेटतो तो चिखल, आणि चिखलात चाक १०० आरपीएमला कुणी न सांगता पोचतं. बटणवाला गाडी रुतल्यावर बटण शोधत असतो. तोवर एक चाक धुऱ्याच्या नळीपर्यंत खाली गेलेलं असतं.

शिवाय आपोआप लागणाऱ्याला ना वायर, ना कॉम्प्रेसर, ना सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप). घरात गाडी तिघेजण चालवत असतील तर कुणाला काही शिकवावं लागत नाही.

घाटात अचानक लागेल ही भीतीही तपासून घ्या. ६ मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी १५ ने गेलात, चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर आतल्या-बाहेरच्या चाकातला फरक येतो २५-२६ आरपीएम. शंभर कुठे राहिले? आणि ताशी ३० किमीच्या वर तो लागतच नाही.

मोडतो तो अ‍ॅक्सिलरेटरवर पाय मारणाऱ्यांकडे. आत कॅमचा उतार आणि घर्षणाच्या चकत्या असतात. इंजिन ४००० वर नेऊन चाक गरगरत असताना लॉक झालं की धक्का आधी चकत्या खातात, मग हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचा दांडा). २००० च्या आसपास पाय स्थिर धरा, एक-दोन सेकंद थांबा, लागल्याचं जाणवलं की लगेच पाय हलका करा.

मागचा_धुरा
कोरड्या रस्त्याचा आकडा मान्य. पण ओल्या हेअरपिन वळणातून टू-व्हीलमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) चढताना जरा जास्त पाय दिला की आतलं हलकं चाक घसरतं, आणि फरक २५ वरून शंभरावर जातो. तेव्हा वेगही ३० च्या आतच असतो. मग लॉक नेमका वळणाच्या मध्यात लागतो आणि मागची बाजू नाकाला बाहेर ढकलते.

साधं_डिफ
तुम्ही दोघंही दुसऱ्या मजल्यापासून घर बांधताय. आधी चांगले ऑल टेरेन (डांबर-माती दोन्हींना चालणारे) टायर, मग हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवायची सवय, सोबत एक भरवशाचा पंप. यानंतरही गाडी अडली तर लॉकरचं बोला.

एक गोष्ट लॉकरवाले सांगत नाहीत. बाजूला कललेल्या ओल्या कातळावर किंवा बांधाच्या कडेने जाताना साध्या डिफमध्ये एक चाक फिरतं, दुसरं गाडीला जागेवर धरून ठेवतं. लॉक असेल तर दोन्ही एकदम सुटतात आणि शेपूट उताराकडे सरकतं. कोकणातल्या शेवाळलेल्या जांभ्यावर हे फार महागात पडतं.

मागचा_धुरा
म्हणूनच बटण! कडेच्या उतारावर बंद, समोरच्या चढाला चालू. आणि जिमनीच्या ब्रेकवाल्या पद्धतीचा हिशेबही पाहा: पकड असलेल्या चाकाला जितका टॉर्क हवा, तितकाच फिरणाऱ्या चाकाच्या ब्रेकने अडवावा लागतो. म्हणजे अर्धी ताकद उष्णतेत. लांबलचक चिखलाच्या चढावर ब्रेक तापतात आणि सिस्टिम स्वतःला वाचवण्यासाठी बाजूला होते.

टेल_पिनियन
कोणता लॉकर हे ठरवण्याआधी तो बसवणार कोण ते ठरवा. निम्म्या तक्रारी लॉकरच्या नसून जुळणीच्या असतात.

पूर्ण कॅरिअर (डिफचा फिरणारा पिंजरा) बदलणारा लॉकर म्हणजे क्राऊन (त्यावरचं मोठं दातेरी चक्र) काढून नव्या कॅरिअरवर चढवणं. क्राऊनचे बोल्ट नवे, थ्रेडलॉकर लावून, मॅन्युअलमधल्या टॉर्कने, आडव्या-उभ्या क्रमाने. बाजूची बेअरिंग नवीच, जुनी ओढून काढून परत ठोकायची नाहीत. मग शिम (पातळ चकत्या) लावून प्रीलोड (बेअरिंगवरचा आधीचा दाब) आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळीक). बॅकलॅश डायल गेजने क्राऊनच्या चार जागी मोजा. बऱ्याच धुऱ्यांना तो ०.१३ ते ०.२० मिमीच्या घरात असतो, पण आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्येच बघा. शेवटी दातांना रंग लावून फिरवा: ठसा दाताच्या मध्यात हवा. एका टोकाला आला तर हजारेक किलोमीटरमध्ये रडण्याचा आवाज सुरू. "हाताने हलवून बघितलं, ठीक आहे" म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी घेऊन निघा.

बँजो धुरा असेल तर सगळं डिफ पुढून बाहेर येतं, टेबलावर नीट सेट होतं. कव्हर मागे असलेल्या धुऱ्यात हेच काम गाडीखाली झोपून करावं लागतं. मजुरीतला फरक त्याचा आहे.

हवेवरच्यात नेहमीचं दुखणं म्हणजे सील हाऊसिंगच्या ओ-रिंगा. त्या बसवताना कापल्या गेल्या की हवा डिफमध्ये शिरते आणि ब्रीदरमधून (धुऱ्याच्या श्वासनळीतून) तेल बाहेर फेकलं जातं. लॉक बंद केल्यावर सोलेनॉइडच्या तोंडातून तेल थुंकलं जात असेल तर ते नळीत चढलंय असं समजा. तपासणी सोपी आहे: लॉक चालू ठेवा, इंजिन बंद करा, कॉम्प्रेसर किती वेळाने पुन्हा चालू होतो ते बघा. दर अर्ध्या मिनिटाला घुरघुरत असेल तर गळती आहे. नळी सायलेन्सरपासून लांब न्या आणि धुरा पूर्ण खाली लटकला तरी ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवा.

विद्युतचुंबकवाल्यात हवा नाही, पण वायर धुऱ्यातून बाहेर येते तिथे चिखल आणि उंदीर दोघंही लागतात. पार्किंगमधले उंदीर धरून चाला.

घाटमाथा
हेलिकल लिमिटेड स्लिपचं (तिरप्या दातांच्या गिअरने चाकाची घसरण आवरणाऱ्या डिफचं) कुणी नावच घेत नाही. ना चकत्या, ना वेगळं अ‍ॅडिटिव्ह, साधं जीएल-५ गिअर तेल. ओल्या घाटात तो कळतही नाही, फक्त गाडी नीट चढते. मर्यादा एकच: तो घसरणाऱ्या चाकाच्या पकडीला गुणतो, समजा अडीच-तीन पट. चाक हवेत म्हणजे शून्य गुणिले तीन. त्यावर डाव्या पायाने ब्रेक किंचित दाबा, काम होतं. ब्रेकवालं ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर तेही करावं लागत नाही, दोघांची जोडी उत्तम जमते. नव्वद टक्के रस्ता डांबरी असलेल्यांनी हेच घ्यावं.

लाल_माती
घाटमाथा, काळ्या मातीत दोन्ही चाकं लोण्यात फिरतात तेव्हा अडीच पट कशाच्या? पण डांबरापुरतं +१.

आपोआपवाल्यांसाठी एक सूचना: मागचं एक चाक जॅकवर असताना गाडी गिअरमध्ये टाकून फिरवू नका, पंक्चरवाल्यालाही टाकू देऊ नका. लॉक लागला तर जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून उडवेल.

साधं_डिफ
आणि बिल कुणी सांगितलंच नाही. बाहेरून लॉकर बसवला की ड्राइव्हलाइनची वॉरंटी गेली असं धरून चाला, विम्याला आधी कळवा. लॉक असताना एकाच हाफ शाफ्टवर धुऱ्याचा सगळा टॉर्क येऊ शकतो, साध्या डिफमध्ये जास्तीत जास्त अर्धा. त्यात मोठे टायर टाकले की पुढचा खर्च शाफ्टचा.

मागचा_धुरा
शाफ्ट वाचतात ते वापरण्याच्या पद्धतीने. अडथळ्याच्या आधी थांबा, स्टिअरिंग सरळ, बटण दाबा, दिवा स्थिर होईपर्यंत हळू पुढे सरका. चाक गरगरत असताना बटण कधीच नाही. पलीकडे गेल्यावर बंद करा. दिवा विझत नसेल तर सैल जमिनीवर स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे करत पाच-दहा मीटर चाला, अडकलेला ताण सुटतो. तरीही नाही विझला तर एकदा रिव्हर्स.

टेल_पिनियन
आणि पहिल्या ८००-१००० किलोमीटरला तेल बदला. जुळणीतली बारीक धातूची भुकटी त्यात असते. तेल दुधाळ दिसलं तर ब्रीदरची नळी वर घेतलेली नाही, ओढ्यातलं पाणी आत गेलंय.