पिक्चर लागला, लागली की लागलं?

रामबागची:
इंदूरच्या आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी तरुणपणी पाहिलेल्या सिनेमांवर लेख दिला आहे. मुद्रितशोधन पुण्याला झालं. पानं परत आली तेव्हापासून एका वाक्यावर अडून बसले आहे. माझं वाक्य असं होतं : आई गच्चीवरून शेजारच्या काकूंना हाक मारून सांगायची, “अहो, रीगलला चांगली पिक्चर लागली आहे. गुरुवारपर्यंतच आहे हं, मग उतरेल.” त्याचं झालं, “अहो, रीगल चित्रपटगृहात चांगला चित्रपट प्रदर्शित झाला आहे. गुरुवारनंतर त्याचे प्रदर्शन थांबेल.”

हे वाक्य माझी आई जन्मात बोलली नसती. शोधकांचं म्हणणं, पिक्चर मराठीत पुल्लिंगी आहे, ‘लागली’ हा हिंदीचा परिणाम आहे आणि ‘पिक्चर उतरेल’ हे महाराष्ट्रात कुणाला कळणार नाही. तर ‘ती पिक्चर’ हे मराठी आहे की नाही? आणि एक खेळ जाऊन दुसरा आला, यासाठी ‘उतरणे’ तुमच्याकडे चालतं का? नसेल तर काय म्हणता? पानं लवकर परत द्यायची आहेत.

पेठेतला:
तो पिक्चर. यात दुमत व्हायचं कारण नाही. ‘कुठला पिक्चर पाहिलास’, ‘पिक्चर पडला’, ‘पिक्चर चालला’ हे लहानपणापासून कानावर आहे. टॉकीजवरून निघाला की आम्ही नुसतं ‘गेला’ म्हणायचो. ‘विजयला होता तो पिक्चर गेला का रे?’ ताई, संवादात आईचे शब्द जसेच्या तसे ठेवा, तो तुमचा हक्क आहे. निवेदनात मात्र प्रमाण लिंगच हवं. बाहेरगावचे मराठी लोक हिंदीतून लिंगं उचलतात आणि पुढे त्यालाच बोली म्हणतात, हे मला मान्य नाही.

जुनी तबकडी:
बाहेरगाव कुणाचं? आमचं घर होळकरांच्या काळापासून इथे इंदूरला आहे. पिक्चर हा शब्द तुम्हीही इंग्रजीतूनच घेतलात ना? तिथे त्याला पुरुष-बाईपण नव्हतंच. तुम्ही त्याला ‘तो’ केलंत, आम्ही ‘ती’ केली. तुमचा अधिकार मोठा कसा?

ताई, एक अक्षर बदलू नका. ‘उतरली’ तर मुळीच बदलू नका, कारण ‘काढला’ म्हटलं की घोटाळा होतो. ‘अमक्याने पिक्चर काढला’ म्हणजे तयार केला, आणि ‘टॉकीजवाल्याने पिक्चर काढला’ म्हणजे हटवला. आमच्याकडे पिक्चर शुक्रवारी चढायची आणि उतरायची. मी परदेशीपुऱ्यात वाढलो. वडील मिलमध्ये. पाळी सुटली की बाहेर आलेल्यांत पहिला प्रश्न असायचा, काय चढलंय? ज्यांना उत्तर ठाऊक असायचं त्यांच्याभोवती घोळका जमायचा. नट, गाणी, मारामाऱ्या किती, सगळं त्यांनी सांगायचं. पुष्कळदा सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेली नसायची. आम्हा पोरांना ते ऐकणं खऱ्या पिक्चरपेक्षा कमी वाटायचं नाही.

रीगल, मधुमिलन, सपना-संगीता, ही आज नुसती टॉकीजची नावं राहिलेली नाहीत. रीगल तिराहा, मधुमिलन चौराहा, सपना-संगीता रोड. ज्या पोराने तिथे पडदा कधी पाहिला नाही तोही रिक्षावाल्याला हीच नावं सांगतो.

नवी पाटी:
मी हिंदी मालिकांची मराठी उपशीर्षकं लिहिते, इंदूरलाच असते, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच आहे. परक्या शब्दाला लिंग कुठून मिळतं, तर बहुधा त्याच जागी आधीपासून बसलेल्या शब्दाकडून. मराठीत पिक्चरच्या जागी खेळ, सिनेमा, बोलपट, चित्रपट होते, सगळे पुल्लिंगी. म्हणून तो पिक्चर. हिंदीत तिथे फ़िल्म आणि तस्वीर, दोन्ही स्त्रीलिंगी. म्हणून ‘पिक्चर लगी है’.

नावांवरूनही हे दिसतं. ‘शोले’ 15 ऑगस्ट 1975 ला आला. हिंदीत शोले हा शोला या पुल्लिंगी शब्दाचा अनेकवचनी, तरी हिंदी माणूस ‘शोले लगी है’ म्हणतो आणि मराठी माणूस ‘शोले लागला’. म्हणजे मनात पिक्चर किंवा फिल्म हा शब्द न बोलताही हजर असतो आणि तोच क्रियापद ओढतो. आता इंदूरच्या मराठी माणसाच्या मनात तो हजर असलेला शब्द कुठला, एवढाच प्रश्न आहे. माझ्या आजीच्या मनात ‘खेळ’ होता. ती ‘पैला खेळ’, ‘दुसरा खेळ’ म्हणायची आणि पिक्चरला ‘तो’ म्हणायची. आईच्या पिढीला ‘ती’. एकाच घरात.

सुरसागर:
बडोद्याहून लिहितोय. तुम्ही दोघे तो आणि ती वर भांडताय. आमच्याकडे ‘ते पिक्चर’ आहे! ‘काल पाहिलं ते पिक्चर कसं होतं?’ गुजरातीत ‘पिक्चर केवुं हतुं’, नपुंसकलिंग, आणि मराठीलाही तिसरं लिंग असल्यामुळे ते विनासायास आत आलं. हिंदीच्या शेजारात तुम्हाला ही सोय नव्हती. मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हा वसतिगृहात ‘ते पिक्चर’ म्हटलं की मुलं थांबवून दुरुस्त करायची. मी बदललो नाही. घरी आजही ‘पिक्चर बघायला गेलो, चांगलं निघालं.’

लष्करचा:
ग्वाल्हेरलाही ‘ती’. आमच्या लष्कर भागात तर ‘सिनेमा लागली’ असंही एका आत्याकडून ऐकलंय, ते मात्र मलाही खटकायचं.

पण शब्दांची गंमत मला पडद्याआधी रेडिओने लावली. रेडिओ सिलोनवर बुधवारी रात्री आठला सिनेमाच्या गाण्यांची गीतमाला लागायची. अमीन सयानी गाण्याचा क्रमांक सांगताना ‘पायदान’ म्हणायचे. ‘इस पायदान पर’. आमच्या आजीला पायदान म्हणजे टांग्यात चढताना पाय ठेवतात ते. ती विचारायची, गाणं टांग्यातून का उतरतंय? मी म्हणायचो, अगं, चढतंय. मग ती मन लावून ऐकत बसायची, कुठलं वर गेलं, कुठलं खाली आलं. पुढे मी शाळेत निबंधात ‘पहिल्या पायदानावर’ लिहिलं आणि मास्तरांनी खोडून ‘पायरीवर’ केलं. मला तो शब्द आजही गाण्यांच्या शर्यतीसाठी ‘क्रमांक’पेक्षा फार नेमका वाटतो. क्रमांकात चढणं-उतरणं नाही. रामबागच्या ताईंचा ‘उतरणे’ त्याच कुळातला आहे बघा.

पेठेतला:
पायदान फारसी वळणाचा, टांग्यापुरता मराठीत आहे, मान्य. पण गाण्याच्या क्रमांकाला तो लावला की हिंदी झाला. ‘स्थान’ काय वाईट आहे?

लष्करचा:
वाईट नाही, निर्जीव आहे. शुद्धीच्या आग्रहाचं उदाहरण त्याच रेडिओवर घडलेलं आहे. 1952 साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताची खरी तळमळ असलेला. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. ऐकणारे सिलोनकडे गेले आणि गीतमाला त्याच 1952 साली सुरू झाली. शेवटी 1957 च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला विविध भारती काढावं लागलं. आमच्या घरी सकाळी आकाशवाणीवर ख्याल आणि बुधवारी सिलोन, दोन्ही त्याच काट्यावर ऐकलं जायचं. एकामुळे दुसरं बाटलं नाही.

पेठेतला:
केसकरांचं तुम्ही एकांगी सांगताय. त्या वर्षांत किती गवयांना आकाशवाणीमुळे पगार आणि श्रोते मिळाले तेही सांगा. आग्रह धरणारा कुणीच नसेल तर काहीच टिकत नाही, भाषाही नाही.

जुनी तबकडी:
आमच्या इंदूरचं केंद्र 1955 सालचं, मालवा हाउस. तिथल्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात नंदाजी-भैराजी अस्सल माळवीत गप्पा मारायचे. शेतीशी ज्यांचा संबंध नाही अशी आमच्यासारखी मिलवाल्यांची घरंसुद्धा ते ऐकायची. आमची आई रत्नागिरीकडची. माळवी ती त्या दोघांकडून शिकली. तिच्या मराठीत मग ‘ती पिक्चर’ आली तर आश्चर्य कसलं? भाषा तिच्याकडे कानांनी येत होती.

धातुपाठ:
मूळ विषयाला जोडूनच एक विचारतो. ‘मध्यंतर’ की ‘मध्यांतर’? हिंदीत सर्रास मध्यांतर. इंदूरच्या नाट्यप्रयोगांत मी मराठी निवेदकाच्या तोंडूनही ‘मध्यांतर’ ऐकलं आणि दचकलो. सरळ संधी केला तर मध्य + अंतर = मध्यांतर, हे खरं. मग मराठीतला ऱ्हस्व चुकीचा का? मला वाटतं, नाही. पाणिनीच्या सूत्रांना कात्यायनाने जोडलेला पुरवणी नियम, म्हणजे वार्तिक आहे, ‘शकन्ध्वादिषु पररूपं वाच्यम्’ : शकन्धु वगैरे शब्दांत आधीच्या शब्दाचा शेवट जाऊन पुढच्या शब्दाचा पहिला स्वरच उरतो. म्हणून सीमन्त, मार्तण्ड, कुलटा, पतञ्जलि हे शब्द दीर्घ न होता सिद्ध होतात. हा आकृतिगण आहे, म्हणजे यादी बंद नाही. मध्यंतर त्यात बसू शकतो.

नवी पाटी:
सर, मराठी शब्दाच्या जामिनासाठी कात्यायनाला कशाला बोलवायचं? ‘मध्यंतरी मी आजारी होतो’ हे आपण केव्हापासून म्हणतो. त्या मध्यंतरीचंच मध्यंतर. भाषांतर, स्थलांतर, देशांतर यांत दीर्घ आहे, पण तिथे अंतर म्हणजे ‘दुसरा’ : दुसरी भाषा, दुसरं स्थळ. मध्यंतरात ‘दुसरा मध्य’ असा अर्थ नाही. जात वेगळी, रूप वेगळं.

पेठेतला:
आणि मध्यंतर, बोलपट, दिग्दर्शक हे शब्द सावरकरांच्या नावावर सांगितले जातात हे विसरू नका. त्यांनी आग्रह धरला म्हणून आज तुम्ही ते सहज बोलता. ‘दिग्दर्शक’ रुजला तेव्हा तोही पुस्तकीच वाटला असणार.

सुरसागर:
रुजला हे खरं. पण त्याच सुमारास बोलपटाच्या शेजारी टॉकीही रुजलीच. 1931 मध्ये पहिला हिंदी बोलपट, 1932 मध्ये पहिला मराठी. त्यानंतर ‘बोलणारा’ हे सांगायची गरजच उरली नाही, म्हणून बोलपट मागे पडला. टॉकीज मात्र पिक्चरवरून उठून इमारतीला चिकटला आणि म्हणून वाचला. अनेकवचनाचा ज कायम, तरी शब्द एकवचनी. ‘ती टॉकीज पाडली.’

पेठेतला:
हो, आमच्याकडेही अलका टॉकीज चौक आहे. टॉकीजचं स्त्रीलिंग मला मान्य.

रामबागची:
सगळ्यांचे आभार, पण शोधकांना काय कळवू ते मला अजून कळलेलं नाही. संवादातली ‘लागली’ ठेवतेय, त्यावर पेठेतल्यांचीही हरकत नाही. प्रश्न माझ्या स्वतःच्या वाक्यांचा. ‘कॉलेजात असताना पाहिलेली पहिली पिक्चर’ हे मी लिहिते आहे, आई नाही. मी इंदूरलाच जन्मले, मराठी शाळेत शिकले, सानंद या इथल्या मराठी संस्थेची नाटकं कधी चुकवली नाहीत. ‘पाहिलेला पहिला पिक्चर’ लिहिलं की ती आठवण मला दुसऱ्याच कुणाची तरी वाटते. त्या दिवशी मी मैत्रिणींबरोबर घरी न सांगता गेले होते, इंटरवलमध्ये मागच्या रांगेत काका दिसले. काकांनी काही न बोलता आमच्यासाठी समोसे पाठवले आणि घरी कधी सांगितलं नाही. ती पिक्चर मी ‘तो’ करून कशी लिहू?

शिवाय पुढच्या पानावर त्यांनी ‘झांकी’ची ‘चित्ररथ’ केली आहे.

जुनी तबकडी:
काय सांगता! अनंत चतुर्दशीच्या झांकीला चित्ररथ? हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार, एकेका मिलच्या झांक्या रात्रभर जेल रोडवरून, राजवाड्यावरून जायच्या. दिव्यांची चक्रं, हलणारे पुतळे, पुढे आखाडे. कामगार महिनोन्‌महिने खपायचे. हुकुमचंद 1991 ला बंद पडली तरी झांकी बंद पडली नाही. कामगारांनी वर्गणीने काढली. चित्ररथ म्हणजे दिल्लीला 26 जानेवारीला जातो तो.

पेठेतला:
‘देखावा’ लिहा. शंभर टक्के मराठी, गणपतीशी जोडलेला.

जुनी तबकडी:
देखावा मांडवात बसतो. लोक त्याच्यापुढून जातात. झांकी लोकांपुढून जाते.

लष्करचा:
झांकीचा संबंध मराठी ‘झाकणे’शी असणार असं आमचे वडील सांगत. देवावरचा पडदा झाकलेला असतो, तो उघडला की दर्शन.

धातुपाठ:
नाही. हिंदीत झाँकना म्हणजे डोकावणे, त्यावरून झाँकी, म्हणजे ओझरतं दर्शन. आपलं झाकणे नेमकं उलट्या अर्थाचं. मराठीत झांकी लिहिलं तर बाहेरचा वाचक ‘झाकलेली’ असं काहीतरी समजेल, ही शोधकांची अडचण खरी आहे.

नवी पाटी:
पुढचं वाक्य वाचलं की कळेल. वाचक इतका परका नसतो. पण ताई, तुमच्याच वरच्या मजकुरात ‘इंटरवल’ आहे. लेखात ‘इंटरवल झाली’ लिहिलंय की ‘झाला’? माझ्या घरी तीन माणसं तीन प्रकारे म्हणतात.

सुरसागर:
‘इंटरवल पडलं’. बडोद्यात ते होत नाही, पडतं.