मदत हवी आहे: व्हायब्रेशनच्या पेटंटचं लायसन्स कसं घेतात?
मंडळी, पुण्यात आम्ही तिघं मिळून गेम कंट्रोलर बनवतोय, ट्रिगर दाबला की बोटाला टक्क करून जाणवतं तसला. मोटर बाजारात सहज मिळते हो, पण ती कधी न् किती थरथरवायची यावर पेटंटं आहेत. इमर्शन नावाच्या अमेरिकन कंपनीने अशाच पेटंटांवरून २००२ ला सोनी, मायक्रोसॉफ्ट दोघांवर केस टाकलेली, मायक्रोसॉफ्टने २००३ लाच लायसन्स घेऊन मिटवलं, सोनी भांडत बसली आणि २००६ ला त्यांच्या प्लेस्टेशन ३ या गेमिंग मशीनचा कंट्रोलर व्हायब्रेशनशिवायच आला 😅 आम्हाला पहिले ५०० नग अमेरिकेत पाठवायचेत. रॉयल्टी नगामागे असते की एकरकमी? ड्रायव्हर चिप (मोटर चालवणारी) बनवणाऱ्याकडे लायसन्स असेल तर आपल्याला वेगळं लागतं का? वकिलाने नुसतं बघायचेच इतके सांगितले की चहा तसाच सोडून उठलो. कुणी केलंय का हे, प्लीज सांगा.