सिंहगड, रोजचं हापिस आणि २५ हजार: वजन कुणाचं उतरवायचं, सायकलचं की माझं?

पायथ्यावरच_दमलो

मंडळी, जरा सल्ला द्या. आकडे असे आहेत. मी ८४ किलो, सायकल ११.८. दोन भरलेल्या बाटल्या, पंप, ट्यूब, बूट, हेल्मेट धरून सगळा गाडा ९९ किलोचा. गिअर शिमानोचे सोरा, नऊ-स्पीड (मागे नऊ चक्रं), पुढच्या दोन चक्रांना ५०/३४ दात, मागे ११ ते २८, रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे), २८ मिमी टायर. सोमवार ते शुक्रवार कोथरूड ते हिंजवडी ये-जा, पाठीवर लॅपटॉप, चार्जर, डबा आणि कुलूप. रविवारी सिंहगड. गोळेवाडीच्या नाक्यापासून वर वाहनतळापर्यंत ५६-५८ मिनिटं लागतात आणि तीव्र वळणांवर गुडघे नको म्हणतात.

बोनसचे २५ हजार बाजूला काढलेत. मनात हलका व्हीलसेट (चाकांची जोडी, अर्धा किलो वाचतो म्हणे), कार्बन सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) आणि टीपीयू, म्हणजे हलक्या प्लास्टिकच्या, ट्यूब आहेत. घरच्यांचं म्हणणं, पैसे राहू द्या, भात कमी करा. कोण बरोबर?

घाटाचा_हिशेबनीस

घरचे बरोबर. पण पुरावा हवा ना, घ्या.

नऊ किमी अंतर आणि सहाशे मीटर उंची असा ढोबळ आकडा धरू. ९९ किलो सहाशे मीटर वर न्यायचे म्हणजे ९९ × ९.८१ × ६००, साधारण ५८३ किलोज्यूल. टायरच्या घर्षणाचे ५० आणि या वेगाला लागणाऱ्या हवेचे १५-२० मिळवा. साडेसहाशे झाले. चेनमध्ये तीनेक टक्के जातात. ५६ मिनिटांत हे जमतंय म्हणजे तुम्ही २०० वॅटच्या आसपास लावताय. साहेब, पाय ठीक आहेत तुमचे.

आता एक किलो कमी झाला तर काय? त्याच २०० वॅटवर साधारण ३३ सेकंद वाचतात. त्यावरून दुकानाची यादी तपासा. व्हीलसेटचा अर्धा किलो म्हणजे १६-१७ सेकंद. सीटपोस्टचे ८० ग्रॅम म्हणजे तीन सेकंदही नाहीत, तेवढे वाटेतल्या माकडाकडे बघण्यात जातात. आणि दुसरी बाटली? ७५० मिली पाणी म्हणजे पाऊण किलो, २५ सेकंद. ती पायथ्याला रिकामी ठेवा आणि वर पोचल्यावर भरा. फुकटात व्हीलसेटपेक्षा जास्त मिळालं. एक मात्र भरलेलीच न्या, उन्हाळ्यात तासाभराच्या चढाला तेवढं पाणी लागतंच.

‘फिरणारं वजन दुप्पट मोजायचं’ हे कुणीतरी सांगेलच. वेग वाढवताना ते रिमपुरतं खरं आहे. एकसारख्या वेगाने चढताना रिमवरचा किलो आणि पोटावरचा किलो सारखाच.

पोटाबद्दल बोलायचं तर सहा किलो उतरवले की सव्वातीन मिनिटं. पण ते चढून-चढून उतरवण्याच्या भानगडीत पडू नका. एका चढाईला सुमारे ६७० किलोकॅलरी जळतात आणि एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७००. सहा किलोंना सत्तर सिंहगड झाले, तेही वर काही न खाता. कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही घेतलंत की हिशेब उलटा फिरलाच.

तेलकट_हात

वजनाचं झालं. गुडघ्यांचं कोण बघणार? खरं दुखणं कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चक्रांच्या जुडग्यात आहे.

वरच्याच गणिताने सरासरी वेग ताशी ९.६ किमी. ३४×२८ वर (पुढे ३४, मागे २८ दात) पाय फिरतात मिनिटाला ६२ वेळा. मागे ३४ दाती लावली तर त्याच वेगाला ७५. पेडलवरचा जोर साधारण सहाव्या हिश्शाने उतरतो. १२ टक्क्यांच्या तुकड्यावर वेग पावणेसहावर येतो, तिथे आत्ता तुम्ही ३७ ने फिरवताय. ते फिरवणं नाही, जिना चढणं आहे. ३४ वर ४५ होतील. मजा तेव्हाही नाही, पण गुडघे शिव्या कमी देतील.

घ्यायचं ११-३४, नऊ-स्पीडचं. पायऱ्या अशा येतात: ११-१३-१५-१७-२०-२३-२६-३०-३४. सपाटीवर १७ वरून २० ची उडी आधी खुपते, पण हापिसच्या वेगाला चालतं. ताशी २६ ला ५०×२० वर ८१ आणि ५०×२३ वर ९३ फेरे पडतात, दोन्ही वापरण्याजोगे.

आता कुठे फसतं ते. मागच्या डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेतो तो भाग) आतल्या बाजूला मॉडेल नंबर असतो, त्याच्याजवळ एसएस की जीएस ते बघा. एसएस म्हणजे आखूड पिंजरा (चेन ताणून धरणाऱ्या दोन पुल्यांची चौकट), त्याला ३४ झेपत नाही. जीएस त्याहून लांब. आर३००० सोराचा जीएस ३४ पर्यंत घेतो. दुकानदार म्हणेल ‘बी-स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून किती दूर ते ठरवणारा) आवळला की बसतंय’. बसतंय, पण चेनचा ढिलेपणा ओढून घ्यायची ताकद लांब पिंजऱ्यातच असते. तुम्हाला पुढचा फरक १६ आणि मागचा २३, मिळून ३९ दात सांभाळायचेत.

दुसरं, चेन. मागे सहा दात वाढले की चेन दीड इंच, म्हणजे तीन लिंक, कमी पडते. जुनी तशीच ठेवली आणि घाईत पुढेही मोठ्या, मागेही मोठ्या चक्रावर पडली, तर डिरेलर पुढे खेचला जाऊन हँगरसकट (फ्रेमवरचा तो टांगायचा तुकडा) वाकतो, नाहीतर तुटून स्पोकमध्ये जातो. नवी चेन पुढच्या मोठ्या चक्रावर आणि मागच्या ३४ वर गुंडाळा, डिरेलरमधून न घालता, आणि टोकं जिथे जुळतात त्यापुढे दोन लिंक ठेवून तोडा. ११६ लिंकची घेतली की थोडी कापावीच लागते.

बसवताना: चेनव्हिप (कॅसेट फिरू न देणारं हत्यार) आणि लॉकरिंगचं (कॅसेट आवळणारं कडं) टूल लागतं. फ्रीहबच्या (कॅसेट ज्यावर बसते तो भाग) खाचांना ग्रीसचा पातळ हात, लॉकरिंग ४० न्यूटन-मीटर. हब आठ-नऊ-दहा स्पीडवालं असेल तर स्पेसर नको. अकरावालं रोड हब असेल तर आत १.८५ मिमीचा स्पेसर हवाच, नाहीतर कॅसेट खडखड हलत राहील. मग ३४ वर गिअर टाकून बी-स्क्रूने वरची पुली आणि दात यांत पाच-सहा मिमी फट ठेवा. कमी राहिली तर पुली दातांवर घासून घुरघुर करते. जास्त झाली तर गिअर आळसावतात.

रोज_दीडदमडी

इथे सगळे रविवारबद्दलच बोलतायत. आठवड्यातले पाच दिवस काय?

सपाटीवर वजनाला किंमत जवळजवळ नाही. पाठीवरच्या चार किलोंना ताशी २२ च्या वेगाने दीड वॅट लागतो. वीस सिग्नलला थांबून निघालात तर आणखी अर्धा-पाऊण. चांदणी चौकाच्या चढाला थोडं जाणवेल तेवढंच. दुखणं वजनाचं नाही, ते पाठीवर असण्याचं आहे: घाम, खांदे आणि मनगटावर येणारा भार. कॅरिअर आणि एका बाजूची पॅनिअर (कॅरिअरला लटकवायची पिशवी) घ्या. चार्जर आणि कुलूप हापिसातच ठेवा, दीड किलो रोज कशाला फिरवायचा?

फ्रेमला मागच्या एक्सलजवळ बोल्टची भोकं आहेत का बघा. नसतील तर सीटपोस्टला पकडणारं कॅरिअर येतं, पण त्याची मर्यादा बहुधा दहा किलोच्या आसपास, आणि कार्बन पोस्टला ते लावायचं नाही, क्लॅम्पखाली कार्बन चिरडतो. म्हणजे तुमची सीटपोस्ट या कारणानेही बाद. पॅनिअर जितकी मागे सरकेल तितकी सरकवा, टाच लागली की रोज वैताग.

आणि हो, हलक्या चाकाला स्पोक कमी असतात. ८४ किलो, मागे पॅनिअर आणि आपले रस्ते. ३२ स्पोकचं चाक सोडू नका. मागचे स्पोक तुटतात ते हबजवळच्या वाकणात, आणि बहुतेकदा जास्त ताणामुळे नाही. ढिला स्पोक चाकाच्या प्रत्येक फेरीला सैल-ताठ होत राहतो आणि धातू थकतो. महिन्यातून एकदा बोटाने छेडून ऐका. एका बाजूचे सगळे साधारण एका सुरात वाजायला हवेत. एखादा बद्द वाजला तर मेकॅनिककडे.

उतारावर_सावध

टीपीयूबद्दल कुणीच बोललं नाही. ट्यूब छान, ३५-४० ग्रॅमची, साधी ११०-१२० ची. दोन्ही मिळून दीडशे ग्रॅम, पाच सेकंद. पण तुमचे रिम ब्रेक आहेत. सिंहगड उतरताना ब्रेक सतत घासत ठेवला की रिम तापते, आणि टीपीयू उष्णतेला रबरापेक्षा कच्ची. काही ट्यूबांच्या खोक्यावर फक्त डिस्क ब्रेकसाठी असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय घेऊ नका.

उतरताना ब्रेक धरून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबा, वेग काढा, सोडा. पॅड महिन्यातून एकदा काढून बघा, पावसाळ्यात दर आठवड्याला. आत चकचकीत कण रुतलेले दिसले तर ते तुमच्याच रिमचं अ‍ॅल्युमिनिअम आहे. टोकदार सुईने उकरा आणि पॅड सँडपेपरवर घासा, नाहीतर पॅड रिम खात राहतात.

हवा किती भरता? ११० वगैरे असेल तर आजच उतरवा. तुमच्या वजनाला २८ मिमीत मागे ८०, पुढे ७२ पीएसआय पुरे, ओल्यात पाचेक कमी.

पायथ्यावरच_दमलो

मागे १०५ होती, उतरवली. डिरेलर बघितला: आर३०००, एसएस. फ्रेमला भोकं आहेत. चाकं ३२ स्पोकची. चेनची झीज मोजायची कशी? गेज नाही. आणि जुनी चेन ठेवून तिलाच लिंक जोडल्या तर?

तेलकट_हात

साधी फूटपट्टी चालते. चेन ताणून एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. १२ इंचांवर चोविसावी पिन बरोबर आली तर चेन नवी. १/१६ इंच पुढे गेली तर अर्धा टक्का वाढली, बदलायची वेळ झाली. १/८ म्हणजे कधीच गेली. नव्या कॅसेटवर जुनी चेन चढवू नका, ती स्वतःच्या मापाने नवे दात खाते. लिंक जोडणं त्याहून वाईट, अर्धी ताणलेली आणि अर्धी कोरी.

तुम्हाला हवंय: जीएस डिरेलर, ११-३४ कॅसेट, नऊ-स्पीड चेन, मागची गिअर केबल. २५ हजारांत हे सगळं, कॅरिअर, पॅनिअर आणि बसवण्याची मजुरी आरामात येते. दुकानात आधी हँगर सरळ आहे का गेज लावून बघायला सांगा, मगच नवा डिरेलर. वाकड्या हँगरवर कितीही स्क्रू फिरवले तरी मधला एखादा गिअर उड्या मारतोच.

घाटाचा_हिशेबनीस

आणि उरलेल्या पैशांत वर भजी. दोन प्लेट घेतल्या तरी चालेल, दुसऱ्या बाटलीचं पाणी खालीच राहिलंय ना.