‘इंग्रजी येत नसेल तर पीएचडीला येऊ नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जेटीवरची:
काल ‘जुना मास्तर’ यांनी लिहिलं की कोकणात संशोधन फुलत नाही कारण सगळ्यांना सामावून घ्यायच्या नादात दर्जा गेला, आणि ज्याला इंग्रजीत धड पेपर लिहिता येत नाही त्याने पीएचडीला येऊच नये. वाचून डोकंच फिरलं. सर, मी मासळीवर काम करते. लिलावाच्या आधी जेटीवर बसून बांगड्याची लांबी मोजायची, पोट फाडून गाबोळी, म्हणजे अंडी, कितपत भरलीय ते बघायचं. यातलं अर्धं मला होडी चालवणाऱ्या एका तांडेलाने शिकवलं. पेपरात त्याचं नाव आभारातसुद्धा नाही, गाइड म्हणाले असलं काही लिहीत नाहीत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमात पीएचडी करणाऱ्या बायकांना बाळंतपणासाठी, मूल सांभाळण्यासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे, मी विचारलं तर ‘मग थिसिस पुढच्या जन्मी का?’ असं ऐकून घेतलं. दर्जा नक्की कोणी घालवला?

जुना मास्तर:
आभारात नाव घातल्याने डेटा बरोबर ठरत नाही. नमुने किती, कुठल्या महिन्यातले, जाळ्याचा आस (भोक) केवढा, हे परीक्षक विचारणारच. आणि पैसे भरून पेपर छापणारी दुकानं कोणाच्या जिवावर चालली हो?

जेटीवरची:
सक्तीच्या जिवावर! थिसिसआधी पेपर छापायची अट होती म्हणून पोरं तिकडे पळाली. २०२२ च्या नियमांत ती अट गेली, आमच्या गाइडना अजून पत्ता नाही.

कातळवेडा:
मास्तर, कातळशिल्पं विसरलात? रत्नागिरीतले रिसबूड-मराठे आणि त्यांचे सोबती सडे, म्हणजे कातळाची पठारं, पालथे घालत फिरले, गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत. २०२२ ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत नाव लागलं. सुरुवात कुठल्या विभागप्रमुखाने केली नव्हती.

जुना मास्तर:
शोधली त्यांनी, मान्य. काळ ठरवायला मात्र शेवटी तुम्हाला पुरातत्त्ववालेच लागतात.

देवगडचो बागायतदार:
ते दगड राहूदे. संशोधनाने आम्हाला काय दिलं? कल्टार! झाडाची वाढ रोखून मोहोर आणायचं औषध. माझ्या चुलत्याची बाग खंडाने घेतली एकाने, दरवर्षी पावसात बुंध्याशी ओतत राहिला, त्याला काय, करार संपला की तो मोकळा. आता झाडं बघा, फांद्या आखडल्यात, पालवी नाही. एक साहेब आले, फोटो काढले, गेले ते गेलेच.

दापोलीकर:
अहो दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कल्टारचं माप ठरवून दिलंय ना, झाडाच्या पसाऱ्यावर! आणि १९८१ ला रत्ना आंबा दिला, त्यात साका होत नाही, म्हणजे आतला गर खराब होत नाही. १९९२ ला सिंधू, कोय नावालाच. लावलात का? नाही, कारण वाशीच्या बाजारात हापूस म्हटल्याशिवाय पेटी उचलत नाहीत.

देवगडचो बागायतदार:
रत्नाला हापूसची चव आहे का? खरं सांगा, घरी कुठला खाता?

दापोलीकर:
हापूस. पण मुद्दा तो नाही.

माडाखालचो:
रे बाबा, कल्टार वाईट नाय, घालणारो वाईट. माप बघता कोण?

जेटीवरची:
आंब्याचा धागा वेगळा काढा हो कोणीतरी! पण तेच तर म्हणतेय मी. त्या साहेबांना बढतीसाठी पेपर मोजला जातो, पुढच्या वर्षी त्याच बागेत परत जाऊन बघणं मोजलं जात नाही. मग कशाला जातील?

दापोलीकर:
सगळे साहेब एका माळेत ओवू नका. मी परत गेलोय बागेत, लोकांनी कुत्रं सोडलं अंगावर.

देवगडचो बागायतदार:
कुठल्या गावात? आमच्याकडे नसेल. आमच्याकडे आधी चहा देतात.

जुना मास्तर:
बरं. तांडेलाचं नाव आभारात घाला, थिसिसला मराठी गोषवारा जोडा, गोषवाऱ्याची एक प्रत तांडेलाला द्या. एवढं मान्य, खूश? पण इंग्रजी शिकायलाच लागेल, जगातले पेपर त्यातच आहेत, कोकणासाठी कोणी वेगळे छापणार नाही.

जेटीवरची:
मग शिकवा ना! दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली चार पोरं आहेत आमच्या लॅबमध्ये, हुशार आहेत, मसुदा लिहायला बसली की घाम फुटतो. तुम्ही रत्नागिरीतच असता म्हणे, निवृत्त आहात, शनिवारी सकाळी या.

जुना मास्तर:
शनिवारी जमणार नाही. रविवारी बघतो. आणि मसुदे आधी पाठवा, तिथे येऊन वाचत बसणार नाही.