गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराला मराठीत काय म्हणतात? (बेस गिटार, लूथिअर, झणझण, खरखर वगैरे)

मामाची जुनी बेस गिटार माझ्याकडे आलीये, तो गणपतीत ऑर्केस्ट्रामध्ये वाजवायचा, त्यामुळे पॉलिश पार उडालंय, दांडीवरचे धातूचे आडवे पडदे चेपलेत आणि जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला दाबलं की आवाज घाण येतो. ऐरोलीपासून वाशीपर्यंत आणि इकडे ठाण्यातही विचारून झालं, दुकानवाल्यांचं एकच, यात खर्च करण्यापेक्षा नवीन घ्या. नवीन नकोय हो मला. शोधताना इंग्रजीत सगळीकडे लूथिअर हा शब्द दिसतो. मराठीत याला काही आहे का? वाद्यनिर्माता म्हटलं तर कारखानदार वाटतो, मेकॅनिक म्हटलं तर स्कूटरवाला. आणि जाता जाता, बेस लिहायचं की बास?

*

बेसच लिहा. उच्चार तोच आहे आणि बास लिहिलंत तर वाचणारा म्हणेल बास झालं आता.

लूथिअरचं मूळ मजेशीर आहे. फ्रेंचमध्ये ल्यूत नावाचं तंतुवाद्य, ते बनवणारा तो ल्यूतिए, आणि ल्यूत हा शब्द मुळात अरबी अल-ऊद. ऊद म्हणजे लाकूड. आपल्या उदबत्तीतला ऊद तोच, सुगंधी लाकडाचा. म्हणजे शब्दाचं अर्धं मूळ देवघरात आधीपासून आहे आणि आपण प्रतिशब्द शोधतोय!

आता मराठीत बनवायचा म्हटलं की सगळे आधी -कार लावतात. तंतुकार, वीणाकार. इथे गोची आहे. कुंभकार, चर्मकार यात -कार म्हणजे बनवणारा, पण संगीतात आलं की तोच प्रत्यय वाजवणाऱ्याकडे जातो. बीनकार म्हणजे बीन, अर्थात रुद्रवीणा, वाजवणारा, बनवणारा नाही. सतारीत तंतकारी अंग म्हणतात ती वाजवायची शैली आहे. तेव्हा तंतकार किंवा तंतुकार म्हणालात तर जाणकार माणूस तुम्हाला मैफलीचं आमंत्रण देईल, गिटार कोणी हातात घेणार नाही.

आणि शब्द नाहीच असं कशाला म्हणता? मिरजेत जाऊन बघा, सतारमेकर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब सतारी-तंबोऱ्यांकडे वळले, तिथून पिढ्यान्‌पिढ्या तेच काम, आडनावच सतारमेकर झालं, गल्ली पण त्यांच्याच नावाची. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन पण मिळालं. मेकर शब्द इंग्रजी, पण इतका मुरलाय की कोणाला तो परका वाटत नाही. त्याच चालीवर गिटारमेकर म्हणा, काय बिघडलं?

*

तंतुवाद्यशिल्पी चालेल का?

*

चालेल की, पाटीवर. फोनवर म्हणून बघा एकदा.

*

आम्ही सरळ गिटारवाले म्हणतो, ‘ते गिटार रिपेअरवाले काका’. मला वाटतं त्या माणसाचं नाव काय ठेवायचं यावर जितका वेळ घालवतोय त्यापेक्षा त्याला बिघाड कोणत्या शब्दात सांगायचा हे जास्त कामाचं आहे. नेरुळला राहते, कव्हर बँडमध्ये बेस वाजवते, म्हणून थोडं लांब लिहिते. ‘आवाज घाण येतो’ यावरून कोणालाही काही कळत नाही, आणि आवाजाला तर मराठीत इतके शब्द आहेत की इंग्रजीने हेवा करावा.

झणझण. तार दाबल्यावर पुढच्या पडद्याला घासते तेव्हा येते ती. अँप बंद ठेवून पण ऐकू येते, म्हणजे दोष लाकडात किंवा पडद्यात आहे, वायरिंगमध्ये नाही. एकाच जागी झणझण असेल तर बहुतेक तिथला पडदा तारेने चेपून खाली गेलाय, त्यामुळे दाबलेली तार पुढच्याला टेकते, किंवा पुढचा एखादा पडदा वर उचललाय. पहिल्या चार-पाच पडद्यांवर सगळीकडे असेल तर दांडी फार सरळ झालीये, तिला थोडा बाक हवा. हा बाक शब्द लक्षात ठेव, कारागिराला चटकन समजतो. मोकळ्या तारेलाच झणझण असेल तर आधी वरच्या टोकाची खाच बघायची, खोल गेलेली असू शकते.

खरखर म्हणजे नॉब फिरवताना येते ती. आत धूळ आणि आपली दमट हवा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बऱ्याचदा जाते, नाही गेली तर पॉट, म्हणजे नॉबच्या खालचा फिरणारा भाग, बदलायचा, यासाठी गिटारमेकर पण नको, सोल्डरिंग नीट येणारा कोणीही चालेल.

गुणगुण म्हणजे काही न वाजवता येणारा तो सलग आवाज. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आणि बेसच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा सूर 49 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे गुणगुण नेमकी तुमच्या सुरांच्या मधोमध येऊन बसते आणि कित्येक जण ती बेसचाच आवाज समजून चालतात. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर फार घाबरायचं कारण नाही. वाढत असेल तर अर्थिंग तपासायला सांगायचं.

कट्‌-कट्‌ येत असेल, मध्येच आवाज जाऊन परत येत असेल, तर जॅक, म्हणजे वायर खुपसतो ती जागा.

तुझं वाचून मला झणझणच वाटतेय. घरी एक करून बघ, जाड तार पहिल्या पडद्यावर एका हाताने आणि शेवटच्या पडद्यावर दुसऱ्या हाताने दाबून धर, आणि मधे सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यात फट किती राहते ते बघ. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, साधारण 0.3 मिलिमीटर, तर दांडी ठीक. फटच नसेल तर दांडीच्या आतला रॉड, जो तिचा बाक धरून ठेवतो, थोडा सैल करावा लागेल, खूप असेल तर कसावा लागेल. तो तू स्वतः फिरवू नकोस प्लीज.

*

पडदा शब्द वापरलात त्याबद्दल ताई तुमचे आभार, हल्ली सगळे फ्रेट फ्रेट करतात. सतारीचे शब्द जवळजवळ तसेच लागू पडतात बघा, दांडी, खुंटी, घोडी (तारा खाली जिच्यावर टेकतात ती), पडदा. वरच्या टोकाची जी पट्टी, नट म्हणतात ती, तिला सतारीत मेरू म्हणतात. फक्त रॉडला शब्द नाही कारण सतारीत तो नसतोच. गिटारमध्येही तो विसाव्या शतकातच आला, गिब्सन कंपनीने 1920 च्या दशकात पेटंट घेतलं. बेसला तर तो हवाच, चार जाड तारांचा मिळून ताण साधारण 70-80 किलो भरतो.

एक सावधगिरी. सतारवाल्याकडे बेस नेलीत आणि ‘झणझण येते’ म्हणालात तर त्याला ती तक्रार वाटेलच असं नाही. सतारीला ती झणझण मुद्दाम आणतात, घोडी घासून घासून, त्याला जवारी काढणं म्हणतात, आणि चांगली जवारी काढणारा म्हणजे मोठा कारागीर. तुम्हाला नेमकी उलटी गोष्ट हवीये. ‘तार पडद्याला लागते’ असं सांगा, घोटाळा नको.

*

हे भारी आहे. करून बघितलं, फट दिसतेय, साधारण कार्डाएवढीच, म्हणजे दांडी ठीक म्हणायची? तिसऱ्या पडद्यावर तारेच्या खाली चक्क खळगा पडलाय, नखाला लागतो. नॉबला खरखर पण आहे. पडदे पितळेचे असतात का? पांढरे दिसतायत.

*

जर्मन सिल्व्हर. तांबं, निकेल, जस्त, चांदीचा पत्ता नाही. आजीच्या भांड्यातलं तेच. खळगे एक-दोन पडद्यांनाच आणि उथळ असतील तर सगळे पडदे एका पातळीत घासून परत गोलाई देतात, लेव्हलिंग म्हणतात सगळे, मी ‘पडदे एकसारखे करणं’ म्हणते. खोल असतील तर तेवढेच पडदे नवीन बसवायचे. दांडीवरची पट्टी शिसवीची असेल तर पडदा उपटताना कडेच्या कपच्या उडू शकतात, म्हणून आधी विचारायचं की पडदा गरम करून काढता का. ‘हो, सोल्डरिंग गनने’ असं काहीतरी उत्तर आलं तर माणूस कामाचा. ‘पकडीने ओढून काढतो’ म्हणाला तर चहा पिऊन परत ये.

आणि सेटअप आणि रिपेअर हे दोन शब्द वेगळे ठेव, बिल पण वेगळं होतं. सेटअप म्हणजे दांडीचा बाक, तारांची उंची आणि घोडी पुढे-मागे करून सूर जुळवणं, बाराव्या पडद्यावरचा सूर चढा लागत असेल तर घोडी मागे सरकवतात, उतरा असेल तर पुढे. पडद्यांचं काम रिपेअरमध्ये येतं. दुकानात बरेचदा सेटअपच करून देतात आणि पडद्यांबद्दल बोलतच नाहीत.

*

शोधायचं कुठे ते राहिलंच. दुकानदारांना विचारू नका, वाजवणाऱ्यांना विचारा. गणपती-नवरात्रीतले ऑर्केस्ट्रावाले, चर्चमध्ये वाजवणारी मुलं, यांची वाद्यं सतत खराब होतात आणि परत चालू पण होतात, म्हणजे कोणीतरी करतंच ना. नाहीतर मुंबईत धोबीतलावला चक्कर मारा, तिथे जुनी वाद्यदुकानं आहेत, तिथले विकणारे कारागिराचा नंबर देतात कधी कधी. आणि नेताना तारा उतरवून नेऊ नका, गिटार नेहमीच्या सुरात लावूनच न्या, ताण नसेल तर दांडीचा बाक त्याला दिसणारच नाही.